खराब फ्रेममधली लोरेना

४ जानेवारी
आमच्या खगोल क्लबच्या कॅलेंडरचं कव्हर यंदा माझंच. रोझेट तेजोमेघ, पोटात ताऱ्यांचा गुच्छ. फोटो महिनाअखेर द्यायचाय. बायको असताना जमलं नाही. लोरेना रोज जेवणाच्या वेळी टॉर्च घेऊन अंगणात यायची, ऑरिन, राजमा-चिली गार होतेय, ये की आता, म्हणून ओरडायची, आणि कॅमेरा दहा मिनिटं उघडा ठेवून घेतलेली फ्रेम पांढरीफटक. ऑगस्टमध्ये ती गेली. आता कामात व्यत्यय नाही. मी अगदी ठीक आहे.

७ जानेवारी
आकाश स्वच्छ. बोटं गारठली. जेवणाच्या वेळची एक फ्रेम पांढरी. उजेड स्वयंपाकघराच्या बाजूने. डिलीट.

८ जानेवारी
पुन्हा! त्याच सुमाराला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी हळूच म्हटलं, लोरेना, दहा मिनिटं थांब गं बाई. थांबली नाही. जिवंतपणी तरी कुठे थांबायची!

११ जानेवारी
शेजारची ट्विला म्हणाली, अहो ऑरिन, तो आमच्या गोठ्याचा नवा दिवा. हरणं गवतावर तुटून पडतात, ती आली की आपोआप पेटतो. बंद करू का? मी घाईघाईने म्हटलं, छे छे, गवत महत्त्वाचं. चांगली बाई आहे, पण तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. हरणं बरी माझ्या जेवणाच्या वेळेलाच येतात!

१२ जानेवारी
सुचलं! रोझेट तरी नुसत्या डोळ्यांना कुठे दिसतो? अंधुक फ्रेम एकावर एक रचल्या की कॉम्प्युटरवर हळूहळू उमटतो. आजपासून पांढऱ्या फ्रेम ठेवायच्या. किंबहुना त्याच घ्यायच्या. निव्वळ प्रयोग म्हणून.

१९ जानेवारी
क्लबचा अध्यक्ष डेल्बर्ट फोनवर, रोझेट कुठवर आला? म्हटलं, झालाच. बारा तारखेपासून रोझेटची एकही फ्रेम घेतलेली नाही. चिली दोघांपुरती केली. सवय, दुसरं काही नाही. ट्विलाच्या कुंपणापाशी, दिव्याच्या टप्प्यात, मका टाकून आलो. मुक्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

३१ जानेवारी
सगळ्या पांढऱ्या फ्रेम रचायला लावल्या. तोवर दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला.
पांढरं. एकसारखं पांढरं, एक ताराही नाही. काँट्रास्ट वाढवला, कमी केला, कोपरा न् कोपरा शोधला. ती नाही. कुठेच नाही. फार रडू आलं.
ट्विला कॅसरोलमध्ये जेवण घेऊन आली. स्क्रीनकडे बघून म्हणाली, हे काय, बर्फ? म्हटलं, लोरेना. ती भांडं ठेवून गेली.
कव्हर डेल्बर्टच्या मेहुण्याने काढलेल्या चंद्राच्या फोटोला मिळालं.

२ फेब्रुवारी
ट्विलाने दिवा काढलाय. विचारलंसुद्धा नाही. अंगणात मिट्ट काळोख. फोटोला अशी रात्र पुन्हा मिळायची नाही. कॅमेरा लावला नाही. हरणं आली, मका खाऊन गेली. मी थंडीत उभाच होतो. जेवायला ये म्हणून कुणी ओरडलं नाही.