नऊ वाजताचं गरम पाणी

मार्गशीर्ष, शुक्रवार, संध्याकाळ

लेक बाळंतपणाला आलेली, म्हणून गिझर घ्यायचं ठरलं. माझा सुरेश लगेच तापणारा छोटा आणत होता. मी म्हटलं, "अरे, रोज सकाळी सहाला लाईट जाते. बाळाची आंघोळ नऊला. तेव्हा तुझं बटण काय कामाचं? मोठ्या टाकीचाच आण." तो म्हणे, "आई, तू दुकानच काढ!"

आज पाचलाच बटण दाबलं, सहाला लाईट गेली. खात्री होती, तरी पाणी निवलं तर? म्हणून नऊला विसण घालायच्या आधीच बादलीत कोपर बुडवलं. असा चटका बसला!

नात मजेत न्हाली, लगेच झोपली. कोपर अजून लाल शे. सुरेश म्हणतो, खोबरेल लाव. लावते, पण आधी बठ्ठ्या, अख्ख्या गल्लीला दाखवून येते.