बाळारामची मुलगी हॉलंडला वाजवते

अहो,

परवा वनिता पुन्हा निघणार आहे. आधी हॉलंड, मग फ्रान्स, मग जर्मनी. या खेपेला चांगले तीन-चार महिने. आज दुपारी मी तिच्या बॅगेत चकल्यांचा डबा बसवत होते आणि ती तो काढून ठेवत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, मागच्या वर्षीचं सगळं तू बाबांना सांगितलंस का गं?"

"अगं, सांगू कसं?"

"लिही की!" एवढं बोलून ती गेली बुवांकडे रियाजाला. म्हणून बसले लिहायला. तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. माझं माहेर करावे गावचं, सासर जवळच शिरवण्याचं. पत्र टाकण्याइतकं लांब आपण राहिलो तरी कधी!

तुम्हाला तो दिवस आठवतो का? लग्नाची सुपारी वाजवून आलात, बँडचा लाल कोट खुंटीला लावलात, क्लॅरिओनेट पलंगावर ठेवलीत आणि हातपाय धुवायला मोरीत गेलात. एवढ्यात असा काही आवाज आला, की तुमच्या आयेच्या हातातली तांदळाची परात खाली पडली. वनिता तेव्हा तिसरीत. बोटं भोकांवर पुरत नव्हती, पण गाल फुगवून बसली होती. मी ओरडायला धावले, तर तुम्ही ओल्या पायांनी मधे उभे राहिलात. "थांब, थांब! फुंक लागली तिची! मला पहिला सूर काढायला किती दिवस लागले होते, माहीत हाय का?"

आये तांदूळ गोळा करता करता म्हणाल्या, "पोरीची जात ती. वरातीत वाजवनार हाय का?"

"वरातीला मी हाय ना, आये. ती बसून वाजवंल. लोक तिच्यासमोर बसून ऐकतील."

मला तेव्हा हसू आलं होतं. पावणे गावच्या कारखान्यात पाळी करून लग्नसराईत बँड वाजवणारा माणूस, आणि मुलीसमोर लोक बसवायला निघाला! पण तुम्ही तिला शिकवलंत. आपल्या लग्नातल्या धवल्यांच्या गाण्यांपासून ते देवळातल्या भजनापर्यंत, तुम्हाला येत होतं तेवढं सगळं. आणि तुमचं संपलं, तेव्हा तुम्ही स्वतःच मला म्हणालात, "यमुने, माझी विहीर आटली. आता हिला दुसरीकडे पाणी भरायला पाठवायचं."

वाशीला बुवांकडे आपण तिघं गेलो तेव्हा मी केवढी घाबरले होते! एवढा मोठा गवई माणूस. त्यांनी केस उघडून वाद्य बघितलं आणि सरळ सांगितलं, "मी गाणं शिकवतो. यातलं मला काही कळत नाही."

तुम्ही हात जोडून म्हणालात, "बुवा, तुमी गाणंच शिकवा. फुंकायचं मी बघतो."

ते हसले. पण अट कसली घातली! वर्षभर मुलीनं वाद्याला हात लावायचा नाही, फक्त गायचं. परत येताना तुम्ही बसमध्ये वाद्याची केस मांडीवर घट्ट धरून बसलात. घरी येऊन मात्र जी भुणभुण सुरू केलीत! "पोरीची फुंक जाईल. ओठ मऊ पडतील. गायला लागली तर वाजवनार कधी?" आणि मग पाळी सुटली, की गुपचूप बुवांच्या जिन्यात जाऊन बसायचात. ती आत काय गाते ते ऐकायला. मला कळलंच नाही असं वाटलं होतं का तुम्हाला? बुवांच्या पत्नींनी मला सांगितलं होतं. त्या तुम्हाला चहा आणून द्यायच्या ना?

वर्ष संपलं आणि बुवा स्वतःच म्हणाले, "उद्या येताना घेऊन ये तुझी क्लॅरिओनेट." गळ्यातली जागा बोटात कशी आणायची, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता कसं जायचं, यावर त्या दोघांनी वर्षं घालवली. बुवा गायचे, ती बोटं भोकांवरून तसूतसूनं सरकवत तो सूर शोधायची. सापडला की आधी तुम्हाला येऊन वाजवून दाखवायची. तुमचे डोळे भरायचे आणि तुम्ही म्हणायचात, "धूर लागतोय चुलीचा." आपल्याकडे तेव्हा गॅस आला होता, अहो!

एक राग मात्र अजून गेला नाही माझा. कावीळ झाली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे दिसत होते. मी रोज म्हणत होते डॉक्टरकडे चला. तुमचं एकच, "सराई संपू दे. आता मी बसलो तर बँडपार्टीचं काय?" काय झालं पार्टीचं? दुसऱ्यानं वाजवलं. आमचं काय झालं, ते मात्र विचारायला तुम्ही थांबला नाहीत. वनिता कॉलेजला नुकती लागली होती. तुमच्या नशिबी तिचं एकही जाहीर वाजवणं नव्हतं.

तुम्ही गेलात आणि घर मुकं झालं. सुतक फिटलं, वर्षश्राद्ध जवळ आलं, तरी तिनं केस उघडली नाही. बुवांकडे जायची, गायची, परत यायची. मी केसवरची धूळ तेवढी पुसायचे. बळजबरीनं काय फुंक येते?

मग एक दिवस तुमचे बँडमास्तर दत्तूभाऊ दारात उभे राहिले. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न, करावेला. क्लॅरिओनेटवाला ऐनवेळी आजारी पडला होता. दत्तूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, बोलायला जीभ रेटत नाय. पन वनिताला सोडाल का? एक दिवस."

आयेंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी वनिताकडे बघितलं. ती उठली आणि केस घेऊन आली. मी तुमचा लाल कोट काढला, तर म्हणाली, "नको आई. तो बाबांचा आहे. मी माझ्या कपड्यात वाजवीन."

बँडच्या पुढं मुलगी चालतेय हे करावेत कुणी पाहिलं नव्हतं. काही टवाळ पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिनं वरातीची सगळी गाणी वाजवली, पोरांना हवी तशी. पण नवरी निघाली ना, तेव्हा तिनं पिलू राग धरला. सावकाश. ढोलवाल्यानं आपोआप काठी खाली केली. नाचणारी पोरं थांबली. नवरीचा बाप खांबाला धरून उभा राहिला. शिट्ट्या मारणारे तर कुठल्या कुठं गेले! आणि मी मांडवात उभी होते, रडत नव्हते, ताठ उभी होते. बायका एकमेकींना विचारत होत्या, "कोनाची ही?" मी मोठ्यानं म्हटलं, "बाळारामची!"

दुसऱ्या दिवशी पोरगी घाबरून बुवांकडे गेली. वरातीत वाजवल्याचं त्यांच्या कानावर गेलंच होतं. मीही सोबत गेले, बोलणी खायची तर दोघींनी खाऊ म्हणून. बुवांनी पान लावलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "चालणाऱ्या माणसांना थांबवलंस म्हणे?"

"हो, बुवा."

"मग बसलेल्या माणसांना घाबरायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात माझ्या गुरूंच्या पुण्यतिथीला तू वाजवणार."

तिथंच तिला एल्सबाईंनी ऐकलं. एल्सबाई म्हणजे हॉलंडच्या, दर हिवाळ्यात बुवांकडे गाणं शिकायला येतात, वरण-भात हातानं खातात. त्या म्हणाल्या, हे वाद्य आमच्याकडचं, पण असं बोलताना मी ते कधी ऐकलं नाही. तिकडे नव्या मुलांचे कार्यक्रम त्या बसवतात. वनिता आणि तबल्याला बुवांकडचाच शिरीष, अशा दोघांना त्यांनी बोलावणी पाठवली.

घरात काय गोंधळ झाला म्हणून सांगू! आये म्हणाल्या, "लग्नाची पोर. तिकडं कोन ऐकनार हाय तिला? बोलतील काय, समजंल काय!" तुमचे थोरले भाऊ म्हणाले, स्थळ बघा आधी. आणि पासपोर्टच्या चौकशीला आलेला पोलीस! कशाला जाणार विचारलं, मी सांगितलं, क्लॅरिओनेट वाजवायला. तो लिहिता लिहिता थांबला. "का? तिकडं कुणाची वरात आहे?" तुम्ही असतात तर त्याला चहा पाजून तासभर ऐकवलं असतंत.

मी आयेंजवळ बसले आणि एवढंच म्हणाले, "आये, तुमचा मुलगा असता तर आता काय म्हणाला असता?" त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग उठल्या आणि स्वतःची जाड घोंगडी काढून दिली. "ने म्हनावं. थंडी असंल तिकडं."

थंडी होतीच हो! पहिलाच कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये. उंच छत, दगडी जमीन, माणसं गच्च भरलेली. आणि क्लॅरिओनेट गारठलेली. पहिले दोन सूर लागले आणि तिच्या लक्षात आलं, की वाद्य तानपुऱ्याच्या खाली उतरलंय. फुंकून फुंकून गरम करावं तर आलापी बेसूर. शिरीषचा चेहरा पांढरा पडला. समोर सगळे वाट बघतायत. काय केलं असेल तिनं? क्लॅरिओनेट ओठावरून काढली, शिरीषच्या मांडीवर खांद्यावरच्या आयेंच्या घोंगडीत गुंडाळून ठेवली, डोळे मिटले आणि गायला लागली! यमनचा अख्खा आलाप तिनं गळ्यानं केला. तुम्ही जिन्यात बसून कुरकुरत होतात ना, त्या वर्षाची ती पुण्याई. षड्जावर आवाज ठेवला, हात पुढं केला, शिरीषनं ऊबदार झालेली क्लॅरिओनेट हातात दिली आणि गळा जिथं थांबला तिथूनच तिनं ती उचलली. लोकांना वाटलं, आमच्याकडे असंच करतात! शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. थांबेचनात, म्हणे.

कार्यक्रम संपल्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले. तिथल्या मोठ्या वाद्यवृंदात जन्मभर क्लॅरिओनेट वाजवलेले. कोट सावरत तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, या दोन सुरांच्या मधला तो सूर मला दाखव. तिनं दाखवला. त्यांना पहिल्यांदा जमला नाही, दुसऱ्यांदा जमला, आणि लहान मुलासारखे हसले. कुणापाशी शिकलीस, विचारलं. ती म्हणाली, "सूर गुरूंनी दिला. फुंक वडिलांची."

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं. नाक्यावरचा एसटीडीवाला दुकान तसंच टाकून मला बोलवायला आला होता. तिकडून ती बोलतेय, इकडे मी नुसती "हो, हो" म्हणतेय आणि एसटीडीवाला विचारतोय, "काय झालं, वहिनी? सगळं बरं हाय ना?" बरं? अहो, मला त्याला मिठी मारावीशी वाटली!

त्या गृहस्थांनीच या वर्षीचं जमवलं. कार्यक्रम तर आहेतच, शिवाय तिथल्या संगीताच्या शाळेत ती मुलांना शिकवणार आहे. शिकवणार, ऐकलंत का? तिथल्या पत्रकात तिचं नाव कसं छापलंय, माहीत आहे? 'वनिता बाळाराम, शिरवणे.' ते लोक मुंबई लिहीत होते. ही म्हणाली, मी शिरवण्याची.

मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण म्हणाले, लग्नानंतर इथल्या इथं वाजवू दे, बाहेर नको. मी काही बोलायच्या आत आयेच म्हणाल्या, "मंग तुमाला बायको नको, रेडिओ हवाय. बाजारातना आना!" पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला. तुम्ही तिथं हवे होतात. खरंच हवे होतात हो.

कधी कधी भीती वाटते. आज चार महिने, उद्या वर्ष, मग तिचं घर तिकडेच झालं तर? ती इथं जवळ सीवूड्सला राहिली असती तर रोज डबा नेला असता. पण ज्या मुलीसाठी तुम्ही माणसं बसवायला निघाला होतात, तिच्यासमोर आता जगभरची माणसं बसलीत. तिला माझ्या ओसरीवर कशी बांधून ठेवू?

तेव्हा तुम्हाला शब्द देते. परत कधी येशील, हे मी तिला विचारणार नाही. दर खेपेला हसतमुखानं तिच्या हातावर दही ठेवीन, दारात उभी राहून हात हलवीन, आणि टॅक्सी हायवेला लागेपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. त्यानंतरचं मात्र मला विचारायचं नाही.

तुमची,
यमुना