सरकतं दार आणि बाळंतिणीची खोली

मालवण, ९ नोव्हेंबर १९५८
काल मुंबईहून आगबोटीने परतलो. जागा डेकवर, पण नजर चौकस. कप्तानाच्या केबिनला सरकतं दार आहे. स्लायडिंग डोअर! तसूभर जागा खात नाही. आमच्या माजघरालगतच्या खोलीचं दार आत उघडतं आणि अर्धी खोली गिळतं. नीरजा पहिल्या बाळंतपणाला यायची आहे. विहीणबाईंचा वालावलीहून निरोप : तुमची खोली अडचणीची, तर बाळंतपण इथेच करू. अडचणीची! माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याच घरी होणार.

१६ नोव्हेंबर
गंगाराम सुताराला नकाशा काढून दिला. बंदरावरून गलबताच्या जुन्या कप्प्या आणल्या. दार त्यांवर टांगायचं. बायकोला, सत्यवतीला, सगळं समजावून सांगितलं. बाईमाणूस. विचारते काय, "दार सरकान जातला खंय?" भिंतीवर जाईल, आणखी कुठे? हसून सोडून दिलं.

३० नोव्हेंबर
दार बसलं! एका बोटाने सरकतं. (आणि थोडा खांदा लावून. नवं आहे, रुळेल.) कचेरीतल्या मंडळींना बघायला बोलावणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बोलावत नाही. माजघराच्या भिंतीत देवाचा कोनाडा आहे. दार उघडलं की नेमकं त्याच्यावर येतं. सत्यवती दिवा लावायला आली तर देव दिसेनात. "देव दाराआड गेलो!" म्हणून तिने शेजारणी गोळा केल्या. मी माप घेतलं होतं. फक्त खोलीचं घेतलं, भिंतीचं नाही. याला चूक म्हणत नाहीत.

७ डिसेंबर
देव समोरच्या भिंतीला न्यावेत म्हटलं. पण वाडवडिलांनी बसवलेले देव कौल घेतल्याशिवाय हलवता येत नाहीत. देवळात गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. कौल डावा, म्हणजे नकार. पुन्हा घातलं. पुन्हा डावा. देवाला स्लायडिंगची कल्पना नसावी.
मग नियम केला : दिवा लागला की दार बंद, दिवा शांत झाला की उघडं. मध्ये आतल्याने आत, बाहेरच्याने बाहेर. नियम मी केल्यामुळे घरात वचक आहे.

११ जानेवारी १९५९
नीरजा आली. पोचवायला विहीणबाई जातीने. खोलीत खाट, शेगडी, पाळणा, सगळं मावतं. "बरीच ऐसपैस आसा हो," म्हणाल्या. धन्य झालो. दिवेलागणीच्या आत त्यांना रवाना केलं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
खाटेवर नवी चादर घालायला खोलीत आलो. तेवढ्यात सत्यवतीने दिवा लावला आणि नियमाप्रमाणे दार ओढून घेतलं. बसलो वाट बघत. रोजनिशी खिशात होती म्हणून लिहितो.
बाहेर नीरजाला कळा सुरू झाल्या! नर्मदा सुईण धावत आली. मी म्हटलं, तिला आत आणा, सगळी तयारी आहे. दाराला हात घातला तर पलीकडून दोघींनी धरलं. "खुळे काय तुमी? दिवो जळता!" बाळंतीण सुटेपर्यंत देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, जागचा हलवायचा नाही. दार सरकवलं तर ज्योतीवरच जातं. नीरजाला माजघरातच निजवलं. खाट आत, मी आत. खिडकीला गज आहेत. तेही मीच बसवून घेतले.

नंतर
नीरजा ओरडते आहे. मी दाराला कान लावून उभा. बाप असून काडीचा उपयोग नाही. खाटेवर बसायचा धीर होत नाही. मध्येच "बाबा" म्हणाली. मी आतून ओ दिली. तिला ऐकू गेली की नाही, कळायला मार्ग नाही. फार भीती वाटते.

आणखी नंतर
रडणं! बारीक पण खणखणीत. नर्मदा म्हणाली, "चेडू झाला!" नात! दोघी सुखरूप. माझे डोळे भरले, पुसायला नवी चादर घेतली.
आता दार उघडू का, विचारलं. सत्यवती पलीकडे रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "देवाचे उपकार फिटाचे नाय. आताच दिव्यात वाटीभर तेल घातलंय."