अर्धं तुमच्याकडून

बाबा,

आज पेपरात एक बातमी वाचली आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी ऐंशी ओलांडली, तरी आला. आपल्या बाळाला, माझ्या धाकट्या भावाला, जो आजार होता, त्यावर आता उपाय निघालाय. माणसाच्याच हाडातल्या मज्जेतल्या पेशी बाहेर काढतात, रक्त कसं बनवायचं याची त्यांच्यातली बिघडलेली सूचना दुरुस्त करतात आणि पेशी परत त्याच्याच अंगात सोडतात. ती मुलं मग दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत. बातमी लिहिणाऱ्याने मधेच एक साधं वाक्य टाकलंय, की हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो. त्याने ते सहज लिहिलं. तुम्हाला ते जन्मभर बोलता आलं नाही.

तुम्हाला ते माहीत होतं, हेच मला सहन होत नाही. माहीत नसतं तर मी काही म्हटलं नसतं. आपल्या लालबागच्या चाळीत कुणाला काय माहीत होतं? बाळ पांढराफटक पडायचा, त्याचं पोट फुगायचं, आणि आजी ओटीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या घराण्यात असला कधी नव्हता. ह्या सगळा हिच्या माहेरसून इला." आई चुलीपुढून उठायची नाही. तुम्ही गिरणीतून येऊन जेवत असायचात, तुम्हीही ऐकायचात. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तेवढं मी सोडून देते.

पण परळच्या प्रयोगशाळेत आपण गेलो त्या दिवसाचं काय? रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याला तिथे पाठवलं होतं. आई, तुम्ही, मी, आणि आईच्या खांद्यावर बाळ. तिथल्या बाई तरुण होत्या, नऊवारी नव्हे, पांढरी पाचवारी आणि वर कोट. त्यांनी चौघांच्या रक्ताचे थेंब घेतले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ओल्या कागदाच्या पट्ट्या वाळवून ठेवल्या होत्या. त्या कागदातून वीज सोडली की रक्तातला लाल पदार्थ सरकतो आणि वेगवेगळ्या जागी थांबतो, हे त्यांनी मला, चौदा वर्षांच्या मुलीला, नीट समजावून सांगितलं. मग तुमच्याकडे वळल्या. "हे गेल्या काही वर्षांतच उमगायला लागलंय," त्या म्हणाल्या. "मूल एक सूचना आईकडून घेतं, एक वडिलांकडून. एकच बिघडलेली असेल तर माणूस तुमच्यासारखा, कामधंदा करणारा. दोन्ही बिघडल्या तर असं मूल होतं. तुमच्या मुलीतही एक आहे. तिचं लग्न ठरवाल तेव्हा मुलाचं रक्त तपासून घ्या. नात्यात देणार असाल तर नक्कीच."

तुम्ही विचारलं होतंत, "पण मूळ हिचाच ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अर्धं तुमचं."

बाहेर पडल्यावर तुम्ही पुढे चालू लागलात. नाक्यावर थांबलात, आणि आईकडे न बघता म्हणालात, "ह्या चाळीत कोणाक सांगायचा नाय. माझ्या आयेक तर नायच." आई म्हणाली, "बरा." एवढंच. आणि तिने तो शब्द पाळला. बाळ गेला तेव्हाही पाळला. आजीने त्याला नेताना पुन्हा तेच बोलून दाखवलं, तेव्हाही पाळला.

त्याच दिवसांत तुम्ही चाळीच्या मैदानात उभे राहून भाषणं करत होतात. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. अन्याय हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला. तुम्ही लाठ्या खाल्ल्यात, तुरुंगात गेलात, आणि ते खोटं नव्हतं, मी ते कमी लेखत नाही. पण दिल्लीला जाब विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईसमोर एक वाक्य बोलता येऊ नये?

राज्य झालं त्या उन्हाळ्यात तुम्ही पेढे वाटलेत आणि त्याच आनंदात माझं लग्न ठरवलंत. कुणाशी? आत्याच्या मुलाशी. तुमच्या सख्ख्या बहिणीच्या. बाईंनी ज्याबद्दल बजावलं होतं, नेमकं तेच, आणि रक्त न तपासता. सुपारी फोडायला सगळे जमले आणि आई स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत मी तिला कधी उभी राहिलेली पाहिली नव्हती. "आधी झिलाचा रगत तपासून घेवा," ती म्हणाली. "बाळाचा दुखणा ह्येंच्याकडचाय होता. डॉक्टरीणबायनी सांगितल्यानी. ह्येंका विचारा."

सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

तुम्ही म्हणालात, "बाळ गेल्यापासून हिच्या डोक्यार परिणाम झालो हा. लक्ष देव नकात."

आत्या उठून गेली. लग्न मोडलं. त्या दिवसापासून आई चाळीत डोक्याने गेलेली बाई झाली. नळावर बायका तिच्यासमोर पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. आत्याचा मुलगा रक्त तपासायला कधीच गेला नाही. त्याला दुसरीकडची बायको मिळाली, त्याची मुलं धडधाकट निघाली, आणि लोक आईबद्दल म्हणाले, बघा, तिच्यातच खोट होती. त्याची बायको नात्याबाहेरची, तिच्यात तो दोष बहुधा नसणारच, एवढा साधा हिशेब त्यांना कोण सांगणार होतं? सांगू शकणारा माणूस घरात खाटेवर बसून पेपर वाचत होता.

मी मात्र परळला परत गेले. बाईंनी मला शिकायला लावलं. पुढे मी रुग्णालयात रक्तच तपासत राहिले, माझ्या नवऱ्याचंही लग्नाआधी तपासलं, आणि तो हसत हात पुढे करून बसला. समोर आलेल्या प्रत्येक बापाला मी तोंडावर सांगितलं, अर्धं तुमच्याकडून आलंय. काही चिडले. एकजण बायकोचा हात धरून रडला. तुम्ही असं काही केलं असतंत तर आईची पंचवीस वर्षं वेगळी गेली असती. ती गेली तेव्हा तुमच्या बाजूच्या कुणीही तिची माफी मागितली नाही, आणि तुम्ही तर तिच्या आधीच सुटून गेला होतात.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाच नाही. आणि खरं सांगते, बातमी वाचून मी आईला लिहायला बसले होते. तिला काय लिहायचं ते सुचेना. दोन ओळींतच अक्षर दिसेनासं झालं, म्हणून कागद बदलला आणि तुम्हाला लिहिलं. तुमच्यावर रागावणं मला सोपं जातं.