ऑर्विलने हिसकावलेला चेंडू

न्यूयॉर्क, फेब्रुवारी १९५१

प्रिय आई,

पेपरातले फोटो तू पाहिले असशील. पोलिसांनी आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातल्या ज्या तिघांना नेलं, त्यांत मी नाही. जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला कसा आहे?

जुगाऱ्यांनी त्या तिघांना पैसे चारले होते, पण हरायला सांगितलंच नव्हतं. जिंका, पण दहापेक्षा कमी गुणांनी, एवढंच. किती गुणांनी जिंकणार, यावरच शहरभर पैजा होत्या. मला काही कळलं नाही. आमच्या उंच, अबोल ऑर्विलला मात्र खेळता खेळता कळलं.

एका सामन्यात शेवटी शेवटी आम्ही आठ गुणांनी पुढे होतो. त्या तिघांतलाच एक, आमचा कर्णधार लेस्टर, नुसता चेंडू आपटत वेळ काढत होता.

"अरे, टाक की बास्केटमध्ये!" ऑर्विल ओरडला.

"गप रे, जिंकतोय ना आपण?"

ऑर्विलने सरळ त्याच्या हातातला चेंडू हिसकावला आणि बास्केटमध्ये टाकला. आपल्याच गड्याकडून, आई! थोड्या वेळाने पुन्हा तसंच. पैजा बुडालेले लोक शिव्या घालत होते. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. मी बघत राहिलो.

आता कॉलेजने संघच बंद केलाय. माझ्या शिष्यवृत्तीचं बघू. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

काल ऑर्विल रिकाम्या हॉलमध्ये एकटाच खेळत होता. "आता कशासाठी रे?" मी विचारलं.

"खेळायचंय म्हणून."

मी कोट काढून त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने मला एकही गुण फुकट दिला नाही.

तुझा,
टॅडी