सायकलीचं नाव काढणार नाही

मुक्काम : फ्रान्स देशातलं एक खेडं
(नाव लिहिता येतं, उच्चारता येत नाही)
ऑगस्ट १९८७

तीर्थस्वरूप देवचंदभाऊ यांच्या चरणी, जळगावचा आपला मेहुणा लीलाधर याचा दुरून, वाकता येत नसल्यामुळे बसूनच केलेला नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? धुळ्याच्या उन्हाळ्यात ती बरी असते आणि पाऊस लागला की धरते, म्हणून काळजी वाटते. केसरवहिनींना माझा नमस्कार सांगावा. आपली बहीण द्रौपदा तिकडेच आली असेल असं मी धरून चालतो, कारण मी निघालो त्याच दिवशी ती पेटी घेऊन धुळ्याच्या एस.टी.त बसली होती. ती कशी आहे हे तिला न विचारता कळवावं. माझी प्रकृती ठीक आहे, म्हणजे मानेपासून वर ठीक आहे. डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे. कागद सरकू नये म्हणून त्यावर एक बटाटा ठेवला आहे, तेव्हा मधेच गोल डाग दिसला तर ते अश्रू समजू नयेत. (अश्रूंचे डाग पुढच्या पानावर आहेत.)

भाऊ, हे सगळं ज्याच्यामुळे झालं तो बेल्जियमचा यानसाहेब आपल्याला आठवत असेल. केळीच्या बागा बघायला तो असोद्याला आला होता. मी कॅरिअरला केळीचा घड बांधून असोद्याहून येत होतो, त्याने थांबवून माझा फोटो काढला आणि पत्ता देऊन म्हणाला की कधी आमच्याकडे या, आमच्याकडे सायकलीचे रस्ते फार सुंदर आहेत. आपल्याकडे माणूस 'या' म्हणतो तेव्हा आपण जातो. मी टायपिंगचा क्लास दुसऱ्याच्या हाती सोपवून, मेहरूणच्या तलावाभोवती रोज पहाटे फेऱ्या मारून, गल्लीतल्या लोकांकडून हारतुरे घेऊन ब्रसेल्सला जाऊन उभा राहिलो. यानने दार उघडलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्याला मी आठवेना. केळीचा घड लगेच आठवला. माणूस वाईट नाही. त्याने मला जेवू घातलं, आपली जुनी सायकल दिली, नकाशावर दक्षिणेकडे समुद्रापर्यंत एक लाल रेघ ओढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इतक्या लगबगीने मला वेशीपर्यंत सोडायला आला की त्याच्या घरी आणखी पाहुणे यायचे असावेत असं मला वाटलं. आता वाटतं, तो मलाच घालवत होता.

ती सायकल म्हणजे एक स्वतंत्र दुःख आहे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, त्यामुळे माणसाला समोरचं काही दिसत नाही, फक्त स्वतःचे गुडघे दिसतात. सीट सुपारी कातरायच्या अडकित्त्याच्या धर्तीवर बनवलेली. आपल्या काळ्या सायकलीला एक गिअर असतो आणि तो म्हणजे आपण स्वतः. हिला दहा आहेत. चढावर कुठला आणि उतारावर कुठला हे यानने मला समजावून सांगितलं होतं, पण ते मी सपाट रस्त्यावर ऐकलं होतं. आणि भाऊ, युरोप सपाट नाही. नकाशात तो सगळा हिरवा आहे आणि शाळेत हिरवं म्हणजे सपाट असं शिकवलं, त्या भरवशावर मी आलो. दुसऱ्या दिवसापासून जे डोंगर लागले, त्यांच्यापुढे आपला लळिंगचा घाट म्हणजे अंगणातली पायरी. एक चढ संपला की त्याच्या डोक्यावरून पुढचा दिसतो. मी सायकल चालवली त्याहून जास्त ढकलली, आणि ढकलताना शेजारून जाणाऱ्या मोटारीतली कुत्रीसुद्धा खिडकीतून माझ्याकडे दयेने बघायची.

पण चढांचं काही नाही. चढ आज ना उद्या संपतो. इथे जे संपत नाही ते म्हणजे बोलायला माणूस नसणं. आपल्याकडे पारोळ्याच्या रस्त्यावर सायकल पंक्चर झाली, तर वडाखाली टेकायच्या आत चार जण गोळा होतात. कुठले तुम्ही, कुणाकडचे, आमचा भटू जळगावला असतो त्याला ओळखता का, आणि मग चहा. इथे मी पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला अर्धा दिवस बसलो, तरी कोणी माझं गाव विचारलं नाही. गावं अशी की चित्रात काढल्यासारखी, खिडक्यांत फुलं, आणि माणूस औषधाला नाही. खिडक्या बंद, दारं बंद, चर्चची घंटा तेवढी वाजते, तीही माझ्यासाठी नाही. मग मी गाईंशी बोलायला लागलो. इथल्या गाई अंगाने मोठ्या पण स्वभावाने आपल्यासारख्या, माणूस दिसला की कुंपणापर्यंत येतात. मी त्यांना विचारायचो, "काय वं माय, कशी शे?" त्या कान हलवायच्या. एक दिवस मी एका गाईला आमचा सगळा संसार सांगितला. ती शेवटपर्यंत थांबली. (तिचं नाव मी कोणाला सांगणार नाही, ते मलाही ठाऊक नाही.)

खाण्याचं काय लिहू. बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी पहिल्याच आठवड्यात संपली, कारण मी ती चटणी म्हणून न खाता भाजी म्हणून खात होतो. इथली पोळी काठीएवढी लांब आणि काठीएवढीच कडक. ती कॅरिअरला बांधून निघालो की मागे मागे कुत्री. चीज नावाचा जो पदार्थ आहे, त्याचा वास मला ओळखीचा वाटला. पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचा. रोज संध्याकाळी तंबूत बसून मी कळण्याची भाकरी डोळ्यांसमोर आणायचो आणि हातातला पाव गिळायचो. गेल्या महिन्यात एका झऱ्याच्या पाण्यात स्वतःचं तोंड पाहिलं तर आधी रस्ता विचारावा असं वाटलं, कोणी स्थानिक म्हातारा असेल म्हणून.

अशा स्थितीत गेल्या आठवड्यात मी एका टेकडीच्या माथ्यावर पोचलो. समोर लांबच लांब उतार, खाली द्राक्षांचे मळे, ऊन पडलेलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं, आणि तीच चूक झाली. मी ब्रेक सोडून दिले. वारा कानांत शिरला, मी गाणं म्हणायला लागलो, आणि दुसऱ्या कडव्याला वळण आलं. वळणावर बदकांची रांग रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबले, सायकल थांबली, मी थांबलो नाही. कोणाच्या तरी उकिरड्यात पडलो. उकिरड्याने जीव वाचवला, पण डावा हात पलीकडच्या, गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर आपटला. शेणात बसून मी मोठ्याने रडलो, भाऊ. हाताचं दुखणं फार नव्हतं. एवढ्या लांब येऊन शेवटी ओळखीचं काही भेटलं तर ते शेण, याचं वाईट वाटलं.

ज्यांचा उकिरडा त्या बाईंचं नाव ओदेत. सत्तरी ओलांडलेली, एकटी, अंगात पुरुषाचा कोट. त्यांनी काही न विचारता आधी बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं, मग डॉक्टरकडे नेलं, मग घरी आणून खोली दिली आणि दुसऱ्या सकाळी माझ्यापुढे घेवड्याच्या शेंगांचं टोपलं ठेवलं. एका हाताने शेंगा सोलता येतात हे मला त्यांनी दाखवलं. त्या फ्रेंचमध्ये रागावतात, मी मराठीत कबूल करतो, असं आमचं छान चाललंय. एकदा बाजारातून त्यांनी वांगी आणली. मी त्यातलं एक चुलीत टाकलं तर त्या धावतच आल्या. त्यांना वाटलं, मी दुःखाने चीजवस्तू जाळायला सुरुवात केली. लसूण, मीठ घालून भरीत केलं. मिरची नाही, कांद्याची पात नाही. त्यांनी बशी पुसून खाल्लं आणि मी एका घासाला उठून बाहेर गेलो. धुरामुळे असं मी खुणेने सांगितलं.

रोज सकाळी इथे पोस्टमन येतो. पूर्वी बोटीवर होता, त्यामुळे त्याला तोडकंमोडकं इंग्रजी येतं. काल ओदेतबाईंनी त्याच्यामार्फत मला विचारलं की तुझी बायको कुठे आहे. मी म्हणालो, भावाकडे. ती का आली नाही, असं त्यांनी विचारलं. मी सरळ उत्तर दिलं, "तिला सायकल येत नाही." पोस्टमनने ते सांगितलं. बाईंचे शेंगा सोलणारे हात थांबले. त्या एकच शब्द बोलल्या, आणि पोस्टमन मला म्हणाला, "त्या विचारतात, मग?"

पुढे काहीतरी येईल म्हणून मी थांबलो. पुढे काही नव्हतं. बाई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

भाऊ, मी निघताना द्रौपदा एकच वाक्य बोलली होती. "जा तुम्ही. वाट तुमनी शे, ती तुम्हीच देखा." मी समजत होतो, मी जातोय म्हणून ती रागावली. कालपासून मला दर भाऊबीजेचा दिवस आठवतोय. ती डबे-पिशव्या घेऊन एस.टी.ने आपल्याकडे यायची आणि मी हौसेने सायकलवर. पारोळ्याच्या आसपास तिची गाडी मला मागे टाकायची. मी हात हलवायचो. ती खिडकीतच बसलेली असायची, पण बाहेर बघायची नाही. मला वाटायचं, तिला गाडी लागते.

आणि एका चढावर मला एक पांढऱ्या केसांचं जोडपं मागे टाकून गेलं होतं. दोघं दोन सायकलींवर, आणि चढ संपेपर्यंत भांडत होते. बहुधा रस्ता चुकला होता. मी सायकल उभी करून ते भांडण ऐकू येईनासं होईपर्यंत ऐकत राहिलो. एक शब्द कळला नाही. मला त्यांचा इतका हेवा वाटला की त्या दिवशी मी पुढे गेलोच नाही.

तर सांगायचं एवढंच की मी हरलो. समुद्र अजून लांब आहे, तो तिथेच राहू दे. प्लॅस्टर निघालं की आगगाडीने यानकडे, त्याची वाकडी झालेली सायकल त्याच्या दारात, आणि तिथून विमानाने परत. जळगावात लोक हार घेऊन येतील त्यांना मी तोंड कसं दाखवू ते कळत नाही. यापुढे मी सायकलीचं नाव काढणार नाही. क्लासला चालत जाईन.

कंबरेला जपावं.

आपला, परमुलखात पडलेला
लीलाधर

ता. क. : हाताचं द्रौपदाला कळू देऊ नये. मी मजेत आहे, देश फार सुंदर आहे आणि वजन वाढलं असं सांगावं.

ता. क. : वरची सूचना उशिरा आली, हे माझ्या लक्षात आलं. आपण पत्र ओट्यावर बसून मोठ्याने वाचता. तेव्हा तिने ऐकलंच असेल. असू दे.

ता. क. : एक विनंती आहे, आणि खरं म्हणजे पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. द्रौपदाला सायकल शिकवा. दुकानातून बायकांची सायकल भाड्याने आणा आणि पहाटे पांझरेच्या काठाला न्या, तिथे त्या वेळी बघायला कोणी नसतं. मी सांगितलं म्हणून सांगू नका, ती बसायची नाही. 'लीलाधर म्हणतो, तुला या जन्मात जमायचं नाही,' असं सांगा. ओदेतबाई या वयात टोपलीत जिवंत हंस घालून सायकलीने बाजारात जातात, हेही सांगा. पडली तर हसू नका. कंबरेमुळे पळवत नसेल तर पळू नका, नुसतं कॅरिअर धरून चाला. आणि हात सोडाल तेव्हा तिला लगेच कळू देऊ नका.