मशीनजवळची खुर्ची

अब्बा, तुमाला अन् अम्मीला अफरोजचा सलाम.

फोनवर तुमी ‘समदं बरं हाय’ म्हणून लगेच ठेवता, म्हणून लिहून राहिलो. माझी तब्येत बराबर आहे. फक्त ज्वारीच्या भाकरीची याद येते. तुमचा गुडघा कसा आहे?

इथं जॉर्डनमधी मला एक कोडं पडलं होतं. इथल्या पोरी कॉलेज शिकून घरी बसलेल्या, अन् कपडे शिवायला माणसं आणली आमच्यासारखी, इतक्या दुरून! मग कळलं, घरचे पोरींना दूर शहरात धाडत न्हाईत. म्हणून इथल्या सरकारनं सांगितलं अन् आमच्या कंपनीनं शिलाई कारखान्याची शाखाच त्यांच्या गावात काढली. मला तिथं शिकवायला पाठवलंय.

पहिल्या दिवशी रीम नावाच्या पोरीसंगं तिचा बाप आला. मशीनजवळ खुर्ची टाकून दिवसभर बसला. मला वाटलं, हा पहारा देऊन राहिला. दुपारी त्यानं मला चहा पाजला, बॉबिनमधी दोरा कसा भरतात ते इचारलं. दुसऱ्या दिवशी रीम एकटी आली.

काल तो रस्त्यात भेटला. म्हणला, “तुला बहीण आहे का? काय करते?”

मी मोडक्या अरबीत सांगितलं, माहेनूर माझ्यापेक्षा साफ शिवते, पण बाळापूरच्या शिलाई केंद्रात जायला तिला घरून परवानगी न्हाई.

“काहून?” त्यानं इचारलं.

अब्बा, त्याला काय सांगू ते तुमीच कळवा. अन् एकदा केंद्रात जाऊन तर बघा. खुर्ची तुमाला बी देतील.

तुमचंच लेकरू,
अफरोज